परदेशातील आरोग्यशिबिरे आणि मागे उरणारे कौशल्य

मुंबईतून डॉक्टरांचे गट पूर्व आफ्रिकेतील किंवा आपल्या शेजारच्या गरीब देशांतील गावांमध्ये सेवाभावाने जातात, आठ-दहा दिवसांचे शिबिर घेतात, शस्त्रक्रिया करतात, औषधे वाटतात आणि परत येतात. परतल्यावर दादरच्या किंवा विलेपार्ल्याच्या एखाद्या सभागृहात त्यांचा सत्कार होतो आणि किती रुग्ण तपासले, किती मोतीबिंदू काढले, किती हर्निया दुरुस्त केले, याचे आकडे वाचून दाखवले जातात. या मंडळींच्या हेतूबद्दल मला कोणतीही शंका नाही. स्वतःची रजा खर्ची घालून, अनेकदा पदरमोड करून, अनोळखी मुलखात रुग्णांची सेवा करायला जाणारा माणूस आदरासच पात्र आहे. माझा आक्षेप आहे तो त्या आकड्यांवर, कारण पथक विमानात बसल्यानंतर काय झाले याविषयी ते काहीच सांगत नाहीत. परदेशातील स्वयंसेवी आरोग्यकार्य हे मुख्यतः शिकवण्याचे कार्य असले पाहिजे, आणि पथक परतल्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिथली माणसे स्वतःच्या हाताने काय करू शकतात यावरूनच त्याचे मोजमाप झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात परिचारिकांना शिकवण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे या प्रश्नाकडे मी शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा वॉर्डाच्या बाजूने पाहते, हेही सुरुवातीलाच सांगून टाकते.

महाराष्ट्राला या कार्याची परंपरा आहे आणि ती नेमकी कशाची आहे हे नीट पाहण्यासारखे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९३८ मध्ये भारतीय काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर चौघे यथावकाश परतले, कोटणीस मात्र तिथेच राहिले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत वर्ग घेऊ लागले, कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. आपण त्यांचे स्मरण करतो ते युद्धभूमीवर अहोरात्र शस्त्रक्रिया करणारा त्यागी डॉक्टर म्हणून, आणि ते खरेही आहे. पण सैन्यातल्या तरुण मुलांना मलमपट्टी, निर्जंतुकीकरण आणि शल्यचिकित्सा त्यांच्याच भाषेत शिकवणारा शिक्षक ही त्यांची दुसरी ओळख आपल्या भाषणांतून जवळजवळ गळून पडली आहे. कोटणीसांच्या मृत्यूनंतरही युद्ध चालूच होते, जखमी येतच होते, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत त्यांनी शिकवलेली माणसे होती.

आपण स्वतः अशा मदतीच्या दुसऱ्या टोकालाही राहिलो आहोत, हे मुंबईतल्या पांढरपेशा मंडळींना क्वचितच आठवते. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले आणि त्यानंतर तीनच वर्षांत तिथे वैद्यकीय शिक्षण देण्यास सुरुवात केली. मिशनरी कार्याच्या धार्मिक हेतूंबद्दल ज्याला जो वाद घालायचा असेल तो त्याने जरूर घालावा. पण मिरज आज दक्षिण महाराष्ट्राची आणि उत्तर कर्नाटकाची वैद्यकीय पेठ आहे, ती काही एका परदेशी सर्जनने किती शस्त्रक्रिया केल्या म्हणून नव्हे, तर तो जवळजवळ चार दशके एकाच गावी राहिला आणि त्याच्या हाताखाली स्थानिक मुले तयार झाली म्हणून. त्याच वॉन्लेस यांनी दर हिवाळ्यात आठ दिवस येऊन मोतीबिंदू काढले असते, तर मिरजेत आज काय उरले असते याचा विचार करून पाहावा.

आठ दिवसांच्या शिबिरात नेमके काय बिघडते, हे रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. शस्त्रक्रिया टाके घातल्यावर संपत नाही. तिसऱ्या दिवशी ताप येतो, सातव्या दिवशी जखम चिघळते, पंधराव्या दिवशी रुग्ण दुखणे घेऊन परत येतो, आणि तेव्हा त्याच्यासमोर उभा राहणारा स्थानिक डॉक्टर किंवा क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी) त्या शस्त्रक्रियेच्या वेळी कदाचित हजरही नसतो. नोंदी अपुऱ्या असतात, किंवा पाहुण्यांच्या भाषेत असतात. शिबिराच्या काळात जिल्हा रुग्णालयातील परिचारिका, शस्त्रक्रियागृह, ऑक्सिजन आणि रक्तसाठा पाहुण्या पथकाच्या दिमतीला दिला जातो, आणि त्या आठवड्यात येणाऱ्या अडलेल्या बाळंतिणीला कोण पाहते, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. आणखी एक गोष्ट शिबिरे करणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे. निमंत्रण पुष्कळदा तिथे स्थायिक झालेल्या भारतीय व्यापारी कुटुंबांकडून किंवा एखाद्या सेवाभावी मंडळाकडून येते, त्या जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्याकडून नव्हे. यजमानांची आस्था खरी असते, पण त्या जिल्ह्यात कशाची निकड आहे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा नाही आणि आपलाही नाही.

आपल्या देशाने ही शिबिरांची पद्धत स्वतःसाठी मोडीत काढण्याचा निर्णय घेतलेला आहे, ही बाब मला सर्वांत बोचते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका वापरात नसलेल्या इमारतीत कुटुंबनियोजनाचे शिबिर झाले. काही तासांत एकाच सर्जनने ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी १३ जणी दगावल्या. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. मोतीबिंदूच्या बाबतीतही शाळेत किंवा मंडपात शस्त्रक्रिया करण्याची जुनी प्रथा सोडून रुग्णाला कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृहात आणायचे, हे धोरण आपण कधीच स्वीकारले. इथे जे आपण आपल्या माणसांसाठी असुरक्षित ठरवले, ते समुद्रापलीकडच्या माणसांसाठी चालेल असे मानण्याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. परदेशी विद्यार्थ्यांचा एखादा गट केईएममध्ये किंवा सायनमध्ये आला आणि वैद्यक परिषदेच्या परवानगीशिवाय त्याने रुग्णांना टाके घालायला घेतले, तर आपण त्यांना वॉर्डाच्या दारातच थांबवू. तोच नियम आपल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्याच्या दारात लागू आहे.

वस्तूंच्या दानाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यातले दोष आता पुरेसे नोंदलेले आहेत. बोस्नियात १९९२ ते १९९६ या युद्धकाळात आलेल्या औषधांपैकी सुमारे १७ हजार टन औषधे निरुपयोगी किंवा मुदत संपलेली होती आणि ती नष्ट करण्याचाच मोठा खर्च त्या होरपळलेल्या देशावर पडला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम घालून दिले. औषध पोहोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, हा त्यांतला एक नियम. यंत्रांचे तर विचारूच नये. काही देशांत दान म्हणून आलेल्या यंत्रांपैकी जेमतेम १० ते ३० टक्केच प्रत्यक्ष वापरात येतात, असे याच संघटनेने म्हटले आहे. कारणे साधी असतात. विजेचा दाब वेगळा असतो, सुटे भाग मिळत नाहीत, माहितीपुस्तिका कोणाला वाचता येत नाही आणि दुरुस्त करणारा माणूस शंभर मैलांवर असतो. याउलट यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडकडे मूळ असलेले अमेरिकी सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी २०११ मध्ये स्थापन केलेल्या लाइफबॉक्स या संस्थेचे काम पाहावे. भूल दिलेल्या रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू दाखवणारे पल्स ऑक्सिमीटर जगातल्या हजारो शस्त्रक्रियागृहांत नव्हते. संस्थेने कमी खर्चाचे, दणकट, वीज गेली तरी चालणारे यंत्र निवडले, आणि ते देताना आकडा खाली गेल्यावर नेमके काय करायचे, याचे प्रशिक्षणही सोबत दिले. नुसत्या यंत्राने फक्त धोक्याचा आवाज ऐकू आला असता.

प्रशिक्षण हा शब्द उच्चारला की सगळेच मान डोलावतात, आणि इथेच खरी काळजी घ्यायला हवी, कारण वाईट शिबिराइतकेच वाईट प्रशिक्षणही असते. टांझानियाच्या उत्तरेकडील हायडम या आडगावच्या रुग्णालयातील अनुभव मला या संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. जन्मल्यावर न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात कसे वाचवायचे, हे सुईणींना आणि परिचारिकांना शिकवणारा एक अभ्यासक्रम अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० च्या सुमारास तयार केला. हायडममध्ये त्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. काही महिन्यांनी परीक्षा घेतली तेव्हा सरावाच्या बाहुलीवर सगळ्यांचे हात उत्तम चालत होते. मात्र लेबर रूममध्ये प्रत्यक्ष बाळ जन्माला येताना त्यांच्या वागण्यात काहीच फरक पडलेला नव्हता. बाळाला कोरडे करणे, चोळणे, श्वास देणारी अ‍ॅम्बू बॅग लावणे, सगळे पूर्वीसारखेच उशिरा होत होते. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. किती पथके इतक्या प्रामाणिकपणे स्वतःचे अपयश मोजतात आणि छापतात?

त्या रुग्णालयाने पुढे जे केले ते अगदी साधे होते. बाहुली कपाटात न ठेवता लेबर रूमच्या शेजारीच ठेवली आणि परिचारिकांनी कामाच्या ओघातच, दर आठवड्याला, तीन ते पाच मिनिटांचा सराव करायचा असे ठरवले. हा सराव त्यांच्यातल्याच माणसांनी घ्यायचा होता. पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण यानंतर ४० टक्क्यांनी घटले. नवे यंत्र आले नव्हते, नवा तज्ज्ञ आला नव्हता. एक दिवसाचा वर्ग आणि प्रमाणपत्राचा समारंभ यांच्या जागी आठवड्यागणिक पाच मिनिटे आली होती. ज्यांनी लेबर रूममध्ये रात्रपाळ्या काढल्या आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. बाळ निपचित पडलेले असते, आई रक्तस्रावाने पांढरी पडत असते, मदतीला एकच मावशी असते, तेव्हा मागच्या वर्षीच्या वर्गातली पाटी आठवत नाही. हात आपसूक हलले तरच उपयोग. आणि हात आपसूक हलावेत अशी सवय लावणे पाहुण्याला शक्य नसते. ते काम तिथल्या सिस्टर इन्चार्जचे असते. म्हणून पाहुण्याने जायचे असेल तर त्या सिस्टर इन्चार्जला शिकवायला शिकवण्यासाठी जावे, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच बाईकडे जावे.

आपल्या शेजारी याहूनही मोठा धडा घडून गेला आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. उपाय सापडला, पण घराघरांत पोहोचवायचा कसा? बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघरी जाऊन सुमारे १ कोटी २० लाख कुटुंबांतील आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे मिश्रण करायला शिकवले. शिकवणाऱ्या स्त्रियांचा मेहनताना त्यांनी किती घरांना भेटी दिल्या यावर नव्हता. काही आठवड्यांनी दुसरी व्यक्ती त्यांतल्या काही घरी जाई, आईला काय आठवते ते विचारी, मिश्रण करून दाखवायला सांगे, आणि तिच्या उत्तरांवर शिकवणारीचे पैसे ठरत. परदेशी जाणाऱ्या आपल्या पथकांचा हिशेब असा ठेवला तर किती पथकांना काय मिळेल, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा. शिकवणे म्हणजे शिकणाऱ्याला येणे, इतकी कठोर व्याख्या त्या गरीब देशातील संस्थेने स्वतःसाठी केली होती.

शिकवायचे तर कोणाला, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. सर्जनला दुसऱ्या सर्जनला शिकवायला आवडते, ते स्वाभाविकही आहे. पण आफ्रिकेतील अनेक जिल्ह्यांत सर्जन नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालानुसार जगातील रोगांच्या ओझ्यापैकी २४ टक्के ओझे आफ्रिकेवर होते आणि जगातील आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के तिथे होते. ज्या थोड्यांना उच्च प्रशिक्षण मिळते ते राजधानीत जातात आणि राजधानीतून लंडनला. मोझांबिकने यावर १९८४ पासून एक धाडसी उपाय केला. डॉक्टर नसलेल्या, पण रुग्णालयात मुरलेल्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षे शिकवून सिझेरियनसारख्या शस्त्रक्रिया त्यांच्या हाती सोपवल्या. सात वर्षांनी पाहिले तेव्हा यांपैकी ८८ टक्के लोक अजूनही जिल्हा रुग्णालयांतच काम करत होते, तर त्याच रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. ही माहिती वाचल्यावर कोणाही विचारी माणसाने आपला वर्ग कोणासाठी भरवायचा, हे नव्याने ठरवायला हवे. जो टिकतो त्याला शिकवावे. म्हणजे परिचारिका, सुईण, क्लिनिकल ऑफिसर, भूल देणारा तंत्रज्ञ, ऑक्सिजनची यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. आपल्या पथकांत मात्र आठ डॉक्टर असतात आणि एखादी परिचारिका असलीच तर साहित्य मोजायला असते. हे मी दुखावलेपणाने लिहीत नाही. पथकाची रचनाच त्याचा हेतू उघड करते, म्हणून लिहिते.

मुंबईजवळ आणि महाराष्ट्राजवळ शिकवण्यासारखे काय आहे, याचीही आपल्याला नीट जाणीव नाही. आपण आपल्या पंचतारांकित रुग्णालयांतल्या रोबोटिक शस्त्रक्रियांची जाहिरात करतो आणि तेच आपले वैद्यकीय वैभव समजतो. आफ्रिकेतील मलावीतल्या जिल्हा रुग्णालयाला त्याचा काही उपयोग नाही. तिथे उपयोग आहे तो टंचाईत आणि गर्दीत सुरक्षितपणे काम कसे करायचे, या आपल्या सार्वजनिक रुग्णालयांनी कमावलेल्या शहाणपणाचा. सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. धारावीच्या उंबरठ्यावर, अपुऱ्या खाटांमध्ये अशक्त बाळे जगवताना ती गरजेतून उभी राहिली. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक दीर्घ अभ्यास केला. त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीपातळीवरच्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, साध्या अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे व्हिनेगरसारख्या द्रावाच्या साहाय्याने गर्भाशयमुखाची तपासणी त्यांच्याकडून करवून घेतली गेली, आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. या अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना ही तपासणी दिली गेली नाही, यावर नैतिक टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. दुसऱ्या देशात काही शिकवायला जाताना आपले यशच नव्हे, तर हा वादही सोबत न्यायला हवा. पण प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी दहावी झालेली बाई काय करू शकते, याचा इतका भक्कम पुरावा जगात फारसा नाही.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा या गावी शल्यचिकित्सा करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांची कथा तर प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात सांगितली गेली पाहिजे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बसवायची आयात जाळी त्यांच्या रुग्णांना परवडत नव्हती. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे निर्जंतुक करून वापरले, इतर ग्रामीण सर्जनांना सोबत घेतले आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती कल्पना घाना आणि इतर आफ्रिकी देशांत पोहोचली. २०१६ मध्ये युगांडातील शास्त्रशुद्ध चाचणीत मच्छरदाणीची जाळी आणि महागडी जाळी यांच्या परिणामांत वर्षभरानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. दोंडाईच्याहून कोणतेही मोठे पथक आफ्रिकेत गेले नव्हते. पद्धत गेली, पुराव्यासह गेली, आणि तिथल्या सर्जनांनी ती पारखून घेतली. तसेच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात अनेक देशांतील आरोग्यसेवक येऊन शिकले, ते निरक्षर किंवा अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांकडून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर शेजारच्या देशांनीही तशा पद्धती पारखल्या. शिकणाऱ्याने इथे यावे, पाहावे, परत जाऊन आपल्या परिस्थितीत बसेल तेवढे घ्यावे, हा मार्ग आपल्या महाराष्ट्राने आधीच घालून दिलेला आहे. विमानाने शिबिर नेण्याचा मार्ग मात्र आपण दुसऱ्यांकडे पाहून उचलला.

आणि शिकण्याची दिशा एकच नसते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधण्याची, आज मुंबईतल्या नवजात अतिदक्षता विभागांत रोज वापरली जाणारी कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे काचेच्या पेट्या कमी होत्या आणि बाळे जास्त होती. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कॅथेटरला कंडोम बांधून थोपवण्याची युक्ती बांगलादेशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी दाखवली. आपण जिथे शिकवायला जातो तिथे आपल्यापेक्षा चांगले काही चाललेले असू शकते, ही शक्यता मनात न ठेवता गेलेला शिक्षक फार काळ ऐकला जात नाही. शिवाय तिथले रोग वेगळे, एचआयव्हीचे प्रमाण वेगळे, स्वाहिली किंवा चिचेवा ही रुग्णाची भाषा वेगळी. मुंबईतले वैद्यकीय ज्ञान जसेच्या तसे उतरत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मेळघाटात, नंदुरबारच्या सातपुड्यात, पालघरच्या जव्हार-मोखाड्यात आपल्याच बाळंतिणी वाटेत अडकतात, आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत पदे रिकामी असतात, मग टांझानियाची चिंता कशाला? मुंबईहून जव्हार तीन-चार तासांवर आहे, हे खरेच आहे, आणि ज्याला आयुष्यात एकच ठिकाण निवडायचे आहे त्याने जव्हार निवडले तर मी त्याला दोष देणार नाही. पण हा आक्षेप घेणारे बहुतेक जण जव्हारलाही गेलेले नसतात. एका ठिकाणची उपेक्षा दुसऱ्या ठिकाणच्या मदतीमुळे होते, असा पुरावा मला कुठे दिसत नाही. आदिवासी भागातील रिकाम्या पदांची कारणे घरे, शाळा, बढत्या, बदल्या आणि सुरक्षितता यांत आहेत, परदेशी जाणाऱ्या मूठभर स्वयंसेवकांत नाहीत. उलट जी शिस्त मी इथे मागते आहे ती मोखाड्यालाही तितकीच लागू आहे. तिथेही शहरातून रविवारी गाड्या भरून जाणारी, गोळ्या वाटून संध्याकाळी परतणारी शिबिरे पुष्कळ झाली, आणि आशा कार्यकर्तीला वर्षभर सोबत करणारे फार थोडे. ज्याला एका दूरच्या रुग्णालयातील परिचारिकेला समपातळीवर राहून, पुन्हा पुन्हा जाऊन शिकवता आले, त्याला जव्हारमध्ये काय करावे हे सांगावे लागणार नाही.

आपत्तीचा काळ मात्र वेगळा आहे, तिथे हात कमी पडतात आणि बाहेरचे हात लागतातच. फेब्रुवारी २०२३ मधील तुर्कस्तानच्या भूकंपानंतर भारतीय लष्कराने इस्केंदेरून येथे उभारलेले रुग्णालय हे त्याचे उत्तम उदाहरण. पण लष्करी पथक स्वतःचे अन्न, पाणी, वीज, नोंदी आणि शिस्त घेऊन जाते. २०१० च्या हैती भूकंपात हौसेने उतरलेल्या कित्येक पथकांकडे यांतले काहीच नव्हते आणि अवयव कापलेल्या रुग्णांच्या पुढील देखभालीची सोयही नव्हती. त्या अनुभवानंतरच जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष ठरवले. आणीबाणीतसुद्धा नियम लागतात, तर ठरवून आखलेल्या दौऱ्याला नियम नकोत, असे कसे म्हणता येईल?

तेव्हा मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयांनी, महापालिकेने आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने याबाबतीत एक स्पष्ट धोरण करावे असे मला वाटते. पथक जाईल ते त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या लेखी निमंत्रणावर, तिथल्या नोंदणीसह, आणि किमान पाच वर्षे एकाच रुग्णालयाशी बांधिलकी पत्करून जाईल. पदवीपूर्व विद्यार्थी गेले तर निरीक्षणासाठी जातील, रुग्णाला हात लावणार नाहीत, आणि रुग्णांची छायाचित्रे कोणीही मिरवणार नाही. निम्मे पथक परिचारिकांचे आणि तंत्रज्ञांचे असेल. पाहुण्या सर्जनने शस्त्रक्रिया केलीच तर स्थानिक सहकाऱ्याला हाताशी घेऊन करील, आणि तो सहकारी हळूहळू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येईल.

यांतली सर्वांत अवघड गोष्ट परिचारिकांची आहे. डॉक्टर, विशेषतः निवृत्त प्राध्यापक, आपला वेळ काढू शकतो. सार्वजनिक रुग्णालयातील परिचारिकेला तीन महिन्यांची रजा मिळवणे जवळजवळ अशक्य असते, कारण तिची जागा भरायला दुसरी नसते आणि असे काम सेवेत धरले जाईल याची खात्री नसते. तिच्यासाठी प्रतिनियुक्तीची तरतूद केल्याशिवाय आणि तिच्या जागी बदली परिचारिका दिल्याशिवाय बाकीचे सारे कागदावर राहील. निवृत्त सिस्टर ट्यूटर्स मुंबईत कित्येक आहेत. त्यांच्यापैकी अनेकींनी आयुष्यभर प्रसूतिगृहे सांभाळली आहेत आणि त्यांना आजवर कोणीही विचारलेले नाही. त्यांना आधी विचारावे.

पैशाचा प्रश्न देणगीदारांना विचारायचा आहे. वीस जणांच्या पथकाची विमानतिकिटे, निवास आणि सामान यांवर जो खर्च होतो, त्याच्या काही भागात त्या जिल्हा रुग्णालयातील दोन परिचारिकांना मुंबईत सहा महिने ठेवून सायनच्या किंवा परळच्या वॉर्डांत शिकवता येईल, आणि मग त्यांच्यामागोमाग आपल्या दोघी वर्षातून दोनदा तिकडे जाऊन त्यांच्या वॉर्डात शेजारी उभ्या राहू शकतील. त्याचे छायाचित्र सभागृहात लावण्याजोगे होणार नाही. आकडाही मोठा नसेल. पण त्या लेबर रूममध्ये बाळ न रडता जन्माला आले तर पहिल्या मिनिटात काय केले गेले, याची नोंद तिथली परिचारिका ठेवील, दरवर्षी ती नोंद आपल्याकडे येईल, आणि तीन वर्षांनी ती पाहून काम पुढे चालवायचे की बदलायचे हे ठरवता येईल. पहिल्या वर्षीच्या अहवालात लिहिण्यासारखे फार थोडे असेल, आणि देणगीदारांनी ते आधीच मान्य करून पैसे द्यावेत.